पस्तिशीनंतरचे मातृत्व : धोका वयाचा, घात उशिराचा

प्रस्तावना

माता-आरोग्याचा विषय निघाला की आपल्या जिल्ह्यात प्रथम चर्चा होते ती कोवळ्या वयातील मातांची, आणि ते योग्यच आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांना वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले मूल योग्य उपचारांअभावी अवघ्या दहा दिवसांत दगावले. हे दुःख उरी बाळगून त्या सातासमुद्रापार गेल्या आणि १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषयही प्रसूतिशास्त्राशीच निगडित होता. त्या घटनेला सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली तरी कमी वयातील विवाह आणि बाळंतपण हा प्रश्न आपल्याकडून अद्याप पूर्णपणे सुटलेला नाही.

तथापि मातृत्वाच्या वयाला दुसरेही एक टोक आहे. मातामृत्यूचे प्रमाण वयानुसार मांडले असता असे आढळते की, अगदी कोवळ्या वयात ते थोडे अधिक असते, विशीत ते सर्वांत कमी होते आणि तिशी उलटल्यावर पुन्हा चढू लागते. पस्तिशीनंतरचा हा चढ कोवळ्या वयातील धोक्यापेक्षाही उभा आहे. असे असूनही पस्तिशी ओलांडलेल्या गरोदर स्त्रीकडे आपले लक्ष उशिरा जाते. ‘पहिलटकरीण नव्हे, तिला सगळे ठाऊक आहे’ असे म्हणून घरचे निर्धास्त राहतात, आणि कित्येकदा ती स्वतःच संकोचाने दवाखान्याची पायरी चढत नाही.

प्रस्तुत लेखात या विषयाची शास्त्रीय बाजू सोप्या शब्दांत मांडण्याचा प्रयत्न केला आहे. वय वाढल्याने धोका वाढतो हे सत्य आहे. परंतु त्या धोक्याचे दुर्घटनेत रूपांतर होते ते बहुधा उशिरामुळे. वय कोणाच्या हाती नसते, उशीर मात्र टाळता येतो. वाचकांनी एवढी एक गोष्ट ध्यानी घेतली तरी हा लेख सार्थकी लागला असे आम्ही समजू.

पस्तीस हाच आकडा का?

१९५८ साली स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने पस्तीस वर्षांनंतर प्रथमच गरोदर राहणाऱ्या स्त्रीसाठी ‘प्रौढ प्रथम-गर्भिणी’ ही वेगळी वर्गवारी मान्य केली. तेव्हापासून हा आकडा वैद्यकीय व्यवहारात रूढ झाला. याचा अर्थ चौतिसाव्या वर्षी सर्व सुरक्षित आणि पस्तिसाव्या वाढदिवशी सर्व धोक्याचे, असा मुळीच नाही. हा कडा नसून उतार आहे. तो तिशीनंतर हळूहळू सुरू होतो, पस्तिशीनंतर जाणवू लागतो आणि चाळिशीनंतर तीव्र होतो.

या उताराचे मूळ स्त्रीबीजात आहे. पुरुषाच्या शरीरात शुक्रजंतू आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात. स्त्रीच्या बाबतीत मात्र सर्व स्त्रीबीजे ती स्वतः आईच्या उदरात असतानाच तयार झालेली असतात. जन्माच्या वेळी मुलीच्या बीजकोशांत सुमारे १० ते २० लाख अपक्व बीजे असतात. पाळी सुरू होण्याच्या वयापर्यंत ती ३ ते ५ लाख उरतात, सदतिशीच्या सुमारास अंदाजे २५ हजार, आणि पाळी कायमची थांबते तेव्हा हजाराच्या आसपास. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते, म्हणजे पाश्चात्य स्त्रियांच्या मानाने चार-पाच वर्षे आधी. सबब आपल्याकडे हा काळ आणखी आखूड आहे.

बीजांची संख्या घटते, तसा त्यांचा दर्जाही खालावतो. चाळीस वर्षांच्या स्त्रीचे बीजही चाळीस वर्षे जुने असते. पक्व होताना गुणसूत्रांची समसमान विभागणी करण्याची त्याची क्षमता उणावते आणि एखादे गुणसूत्र जास्त किंवा कमी असलेला गर्भ तयार होण्याची शक्यता वाढते. गर्भधारणेस विलंब, वारंवार गर्भपात आणि बाळातील गुणसूत्रदोष या तिन्ही गोष्टींचे हे एक समान कारण आहे.

एकच वय, तीन वेगळ्या वाटा

‘पस्तिशीनंतरची माता’ असे आपण एका शब्दात म्हणतो खरे. परंतु आपल्या जिल्ह्यात या वयाच्या ज्या स्त्रिया बाह्यरुग्ण विभागात येतात, त्यांच्या परिस्थितीत महदंतर असते. विषय स्पष्ट व्हावा म्हणून येथे तीन प्रातिनिधिक चित्रे रेखाटली आहेत. ती कोणा विशिष्ट व्यक्तीची नव्हेत.

पहिली स्त्री संगमनेर किंवा नगर शहरातील नोकरदार. शिक्षण, नोकरी आणि उशिरा झालेला विवाह यांमुळे छत्तिसाव्या वर्षी तिला प्रथमच दिवस गेले आहेत. पाळी चुकताच ती तपासणीस आली. आहार उत्तम, घरचे सजग. तिचा मुख्य धोका बीजाच्या वयाचा, रक्तदाबाचा आणि मधुमेहाचा.

दुसरी स्त्री पाथर्डी, शेवगाव अथवा जामखेड भागातील ऊसतोडणी कामगार. वय सदतीस, पदरी तीन मुली, आणि मुलाच्या आशेने हे चौथे गर्भारपण. दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोचा ‘कोयता’ मुकादमाच्या टोळीबरोबर कारखान्यावर जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततो. गर्भारपणाचे मधले महिने फडात, मोळ्या वाहण्यात जातात. तिच्या अंगात रक्त कमी आहे, गर्भाशय वारंवारच्या बाळंतपणाने थकले आहे, आणि गावच्या आशाताईची व तिची चार-पाच महिने भेट नाही. ज्या जिल्ह्यात १९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहून सहकाराची नवी पहाट झाली, त्याच जिल्ह्याच्या दुष्काळी तालुक्यांतील ही स्त्री साखरेच्या धंद्याची दुसरी बाजू आपल्यापुढे मांडते.

तिसरी स्त्री एकेचाळीस वर्षांची. थोरल्या लेकीचे लग्न होऊन वर्ष झाले आहे. पाळी चुकली तेव्हा तिला वाटले, ‘आता पाळी जायचेच दिवस आले.’ चौथ्या-पाचव्या महिन्यात पोटात हालचाल जाणवली तेव्हा खरा प्रकार उमगला. मग सुरू झाला तो संकोच. जावई काय म्हणेल, गाव काय म्हणेल! लेक बाळंतपणाला माहेरी यायची आणि आईचेच दिवस भरत आलेले, या कल्पनेने ती घराबाहेर पडेनाशी झाली. सहाव्या-सातव्या महिन्यात पाय सुजले व डोके दुखू लागले तेव्हा तिला दवाखान्यात आणले गेले.

तिघींच्या वयात चार-पाच वर्षांचेच अंतर. पण धोक्याची प्रत मात्र भिन्न. पहिलीला तिच्या वयाचा सर्व धोका असूनही बहुधा सुखरूप बाळंतपण लाभते, कारण ती वेळेवर आली. दुसरीची तपासणी स्थलांतराने तुटली आणि तिसरीची लाजेने. म्हणूनच वयाचा विचार एकट्याने करून चालत नाही. कितवे बाळंतपण, आधीचे सिझेरियन, दोन मुलांतील अंतर, अंगातील रक्त आणि पहिल्या तपासणीचा महिना या साऱ्यांचा हिशेब एकत्र मांडावा लागतो.

मातेच्या आरोग्यावरील परिणाम

१. रक्तदाब : गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक होणे आणि त्याबरोबर लघवीतून प्रथिने जाणे, अथवा यकृत, मूत्रपिंड आदी अवयवांवर परिणाम दिसणे, या विकारास प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात. तो बळावल्यास झटके येतात आणि आई व बाळ दोघांच्याही जिवावर बेतते. चाळिशीनंतर याची शक्यता विशीतील स्त्रीच्या मानाने सुमारे दुपटीवर जाते. सुरुवातीस या विकाराची कोणतीही वेदना नसते, म्हणूनच प्रत्येक भेटीत रक्तदाब मोजणे आवश्यक ठरते. ज्यांना धोका अधिक आहे अशा स्त्रियांना बाराव्या आठवड्यानंतर, शक्यतो सोळाव्या आठवड्याच्या आत, अल्प मात्रेतील ॲस्पिरिन सुरू केल्यास लाभ होतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ॲस्प्रे’ या युरोपातील मोठ्या अभ्यासात या उपायाने अपुऱ्या दिवसांत उद्भवणाऱ्या प्री-एक्लॅम्पसियाचे प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक घटल्याचे दिसून आले. अर्थात ही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावयाची आहे. येथे सांगण्याचा मुद्दा एवढाच की, सातव्या महिन्यात प्रथम येणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत या साध्या, स्वस्त उपायाची वेळ निघून गेलेली असते.

२. मधुमेह : वाढत्या वयानुसार गर्भारपणातील मधुमेहही वाढतो, आणि भारतीय स्त्रियांत तो मुळातच अधिक आढळतो. याची तपासणी अत्यंत सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्तातील साखर पाहिली जाते. ती १४० मिलिग्रॅम किंवा अधिक असल्यास मधुमेह समजून उपचार सुरू करतात. उपाशीपोटी येण्याचीही अट नसल्याने दूरच्या गावाहून येणाऱ्या स्त्रीला ही पद्धत सोयीची ठरते. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी या पद्धतीचा आग्रह धरला आणि केंद्र सरकारनेही ती स्वीकारली. पहिल्या भेटीत एकदा व २४ ते २८ आठवड्यांदरम्यान पुन्हा, अशी ही तपासणी करावयाची असते.

३. रक्तस्राव : वार गर्भाशयाच्या मुखावर असणे, वार वेळेपूर्वी सुटणे आणि प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव होणे, हे तिन्ही प्रकार वयानुसार वाढतात. आधी सिझेरियन झालेले असेल तर वार जुन्या व्रणावर रुतून बसण्याचा गंभीर धोका असतो. चार-पाच बाळंतपणे झालेल्या स्त्रीचे गर्भाशय प्रसूतीनंतर घट्ट आकुंचन पावण्यास कमी पडते. निरोगी स्त्री जेवढा रक्तस्राव सोसू शकते, तेवढा रक्तक्षय असलेली स्त्री सोसू शकत नाही. म्हणून हिमोग्लोबिन किमान ११ ग्रॅम राखणे आणि रक्तगट व रक्तदाते आधीच निश्चित करून ठेवणे, ही चैन नसून गरज आहे.

४. सिझेरियन : पस्तिशीनंतर शस्त्रक्रियेने प्रसूती होण्याचे प्रमाण वाढते, परंतु केवळ वय हे सिझेरियनचे कारण होऊ शकत नाही. ब्रिटनमध्ये पस्तीस वर्षांवरील पहिलटकरणींवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३९ व्या आठवड्यात कळा सुरू करण्याचे औषध दिल्याने सिझेरियनचे प्रमाण वाढले नाही. सबब वयस्क मातेची नैसर्गिक प्रसूती होऊच शकत नाही, हा समज निराधार आहे.

बाळावरील परिणाम

गर्भपात : पंचवीस ते तीस या वयात साधारणतः दहा गर्भधारणांमागे एक गर्भपात होतो. चाळिशीच्या पहिल्या पाच वर्षांत हे प्रमाण तीनास एक आणि पंचेचाळिशीनंतर निम्म्याहून अधिक होते. बहुतेक गर्भपातांचे कारण गुणसूत्रदोष हे असते. जड उचलले, प्रवास केला, नजर लागली असे म्हणून त्या स्त्रीस बोल लावणे अन्यायाचे आहे.

डाऊन सिंड्रोम : एकविसावे गुणसूत्र दोनऐवजी तीन असल्याने ही अवस्था उद्भवते. आईचे वय विशीत असता अशा बाळाची शक्यता सुमारे दीड हजारांत एक असते. तिशीत ती नऊशेंत एक, पस्तिशीत साडेतीनशेंत एक, चाळिशीत शंभरांत एक आणि पंचेचाळिशीत तीसांत एक अशी वाढत जाते. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावेत. चाळिशीतील शंभर मातांपैकी नव्याण्णव जणींच्या बाळांत हा दोष नसतो. त्याचबरोबर, तरुण मातांची एकूण बाळंतपणेच अधिक असल्याने डाऊन सिंड्रोम असलेली पुष्कळ बाळे तरुण मातांच्याच पोटी जन्मतात. म्हणून चाचणी सर्वांसाठीच उपयुक्त आहे. पस्तिशीनंतर ती टाळू नये, एवढेच.

मृतजन्म व अपुरे दिवस : कमी वजन, अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि मृतजन्म यांचे प्रमाण वयानुसार वाढते. ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञांच्या हिशेबाप्रमाणे ३९-४० आठवड्यांच्या सुमारास मृतजन्माचा धोका पस्तिशीच्या आतील स्त्रीत हजारी १, तर चाळिशीनंतर हजारी २ असतो. म्हणूनच चाळिशीच्या मातेचे दिवस भरल्यावर ‘कळा येतील तेव्हा येतील’ असे म्हणून थांबू नये. बाळाची हालचाल मंदावल्यास दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता तपासणीस यावे.

तपासणीचे वेळापत्रक

पस्तिशीनंतरच्या मातेने, आणि तिच्या घरच्यांनी, पुढील क्रम ध्यानी ठेवावा.

(अ) गर्भधारणेपूर्वी : रक्तदाब, साखर, थायरॉईड व हिमोग्लोबिन यांची तपासणी. फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्यापूर्वीच सुरू करावी, कारण बाळाच्या मेंदूचा व मज्जारज्जूचा पाया पाळी चुकल्याचे कळते त्या सुमारासच घातला जातो.

(आ) पाळी चुकताच : चाळिशीतही पाळी चुकल्यास ती ‘जाण्याची’ मानण्यापूर्वी लघवीची चाचणी करावी. ‘निश्चय’ हा चाचणी-संच आशाताईंकडे उपलब्ध असतो. सलग बारा महिने पाळी आली नाही, तरच ती थांबली असे वैद्यकशास्त्र मानते. तोपर्यंत दिवस राहू शकतात, हे प्रत्येक स्त्रीस माहीत असले पाहिजे.

(इ) बाराव्या आठवड्याच्या आत : नावनोंदणी, माता-बालक संरक्षण कार्ड, रक्तगट, पहिली साखर-चाचणी.

(ई) ११ ते १४ आठवडे : बाळाच्या मानेमागील जाडी पाहणारी सोनोग्राफी आणि त्यासोबत रक्ताची डबल मार्कर चाचणी. या चाचण्या शक्यता सांगतात, निदान नव्हे. शक्यता अधिक आल्यास वारेचा किंवा गर्भजलाचा नमुना तपासून निदान निश्चित करतात.

(उ) १८ ते २० आठवडे : बाळाच्या अवयवांची सविस्तर सोनोग्राफी.

(ऊ) २४ ते २८ आठवडे : साखरेची दुसरी चाचणी व हिमोग्लोबिन.

(ए) त्यानंतर : रक्तदाब, लघवी, वजन व बाळाची वाढ यांची वारंवार तपासणी, आणि प्रसूती कोठे करावयाची याचा निर्णय आठव्या महिन्यापूर्वीच.

लोह व कॅल्शियमच्या गोळ्या दोन्ही नियमित घ्याव्यात, परंतु एकाच वेळी घेऊ नयेत. लोहाची गोळी चहाबरोबर घेतल्यास ती अंगी लागत नाही.

कायदा काय सांगतो?

गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्याने प्रसूतिपूर्व निदान-चाचण्यांना ज्या मोजक्या कारणांसाठी परवानगी दिली आहे, त्यांत गरोदर स्त्रीचे वय पस्तीसहून अधिक असणे हे एक कारण आहे. पस्तिशीचा आकडा असा कायद्याच्या पुस्तकातही आला आहे. मात्र ही सवलत बाळातील दोष शोधण्यासाठी आहे, लिंग जाणून घेण्यासाठी मुळीच नाही. आपल्या जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटातील मुलींचे प्रमाण २००१ च्या जनगणनेत हजार मुलांमागे ८८४ होते, ते २०११ मध्ये ८५२ वर घसरले. या आकड्यांचा प्रस्तुत विषयाशी निकटचा संबंध आहे. मुलाच्या आशेने चौथे-पाचवे बाळंतपण अंगावर घेणारी सदतीस वर्षांची माता हे त्याच मनोवृत्तीचे दुसरे रूप होय. बाळाचे लिंग पित्याच्या शुक्रजंतूवरून ठरते. त्याची शिक्षा मातेच्या गर्भाशयाने का सोसावी, याचा विचार घरातील वडीलधाऱ्यांनी करावा.

नको असलेल्या गर्भधारणेबाबतही कायदा स्त्रीच्या बाजूने आहे. वैद्यकीय गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली झालेल्या सुधारणेनुसार विसाव्या आठवड्यापर्यंत एका, आणि ठरावीक परिस्थितीत चोविसाव्या आठवड्यापर्यंत दोन नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. बाळात गंभीर दोष आढळल्यास वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने ही मर्यादाही लागू राहत नाही. त्या स्त्रीचे नाव गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. लाजेने घरगुती औषधे घेणाऱ्या तिसऱ्या चित्रातील स्त्रीला हे कोणीतरी वेळेत सांगावयास हवे.

उपचाराने होणारे मातृत्व

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी जन्मलेल्या बालिकेने भारतातील नलिका-बालक तंत्राचे दालन उघडले. आज या उपचाराची केंद्रे जिल्ह्याच्या गावीही आहेत. एकुलते एक मूल अपघातात वा आजारात गमावलेली, पूर्वीच कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली चाळिशीची दांपत्ये मोठ्या आशेने या उपचाराकडे वळतात. त्यांच्या दुःखापुढे कोणाचेही मस्तक नम्र व्हावे. परंतु त्यांना सत्य सांगणेही आपले कर्तव्य आहे. स्वतःचे बीज वापरून त्रेचाळिशीनंतर या उपचाराचे यश शेकडा पाचच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. तंत्रज्ञान गर्भाशयाला साहाय्य करू शकते, बीजाचे वय मागे नेऊ शकत नाही. दात्या स्त्रीचे बीज वापरल्यास यश वाढते, तथापि मातेचा रक्तदाब, मधुमेह व रक्तस्रावाचा धोका तिच्या स्वतःच्याच वयाचा राहतो, आणि जुळे असल्यास तो अधिकच वाढतो. या बाबी लक्षात घेऊनच २०२१ च्या कायद्याने या उपचारासाठी स्त्रीची वयोमर्यादा ५० व पुरुषाची ५५ वर्षे ठरविली आहे. शेत गहाण टाकून उपचारास निघण्यापूर्वी दांपत्याने आपल्या वयास लागू होणारी यशाची शक्यता डॉक्टरांना स्पष्टपणे विचारावी.

उशीर कोठे होतो?

मातामृत्यूच्या अभ्यासकांनी १९९४ साली ‘तीन उशीर’ अशी एक मांडणी केली, ती जगभर मान्य झाली आहे. पहिला उशीर निर्णयाचा, दुसरा पोहोचण्याचा आणि तिसरा रुग्णालयात उपचार मिळण्याचा. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेल्या आपल्या चौदा तालुक्यांच्या जिल्ह्यात या तिन्हींचा प्रत्यय येतो. अकोल्याच्या डोंगरातील पाड्यावरून जिल्ह्याच्या ठिकाणी येण्यास कित्येक तास लागतात. हा दुसरा उशीर कमी करण्यासाठी १०८ व १०२ क्रमांकाच्या रुग्णवाहिका आहेत. तिसरा उशीर कमी करणे हे रुग्णालयांचे काम आहे. रक्त, भूलतज्ज्ञ व नवजात शिशूची व्यवस्था सज्ज ठेवणे ही आमची जबाबदारी आम्ही नाकारत नाही. परंतु पहिला उशीर घराच्या उंबऱ्याआत होतो. तेथे रुग्णवाहिका पोहोचत नाही, तेथे माणूसच पोहोचावा लागतो.

याचा धडा आपल्याच जिल्ह्याने जगाला दिला आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेव्हा त्या परिसरात बालमृत्यूचे प्रमाण हजारी १७६ इतके होते. आरोळे दांपत्याने गावोगावच्या साध्या, बहुतांशी निरक्षर स्त्रियांची निवड करून त्यांना गरोदर स्त्रीची तपासणी, सुरक्षित बाळंतपण आणि धोक्याची लक्षणे यांचे शिक्षण दिले. पुढील अडीच दशकांत तेथील बालमृत्यूचे प्रमाण तिसाच्या आत आले. १९७९ साली या दांपत्यास रेमन मॅगसेसे पुरस्कार लाभला. या यशामागे महागडी यंत्रे नव्हती. त्या कार्यकर्त्या स्त्रिया त्याच गावच्या, त्याच भाषेच्या आणि कित्येकदा पोक्त वयाच्या असल्याने जे गुपित डॉक्टरांस कळत नसे ते त्यांना चुलीपाशी कळे. चाळिशीत दिवस गेलेल्या संकोची स्त्रीला बोलते करण्यास अशीच एक मावशी, आत्या किंवा शेजारीण हवी असते. २००५ नंतर आलेल्या आशा योजनेने हे काम गावोगाव नेले आहे. आपण त्यांना साथ द्यावयाची आहे.

२०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत दरमहा ९ तारखेस सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते. जोखमीच्या मातेच्या कार्डावर लाल खूण लावली जाते. ऊसतोडणीस जाणाऱ्या भगिनींना आमची विनंती अशी की, हे कार्ड शिधापत्रिकेइतकेच जपून सोबत न्यावे आणि कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात ९ तारखेस दाखवावे. मुकादम व कारखान्याच्या अधिकाऱ्यांनी त्या एका दिवसाची मोकळीक दिल्यास दोन जीव वाचू शकतील.

ही लक्षणे दिसताच विलंब करू नये

डोके असह्य दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी वा काजवे, चेहरा व हात सुजणे, पोटाच्या वरच्या भागात तीव्र वेदना, अंगावरून थोडेही रक्त जाणे, पाणी जाणे, ताप, झटके, बाळाची हालचाल मंदावणे वा थांबणे, दम लागणे. यांपैकी एकही लक्षण असल्यास रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये. बाळंतपणानंतरचे पहिले चोवीस तास आणि पुढील सहा आठवडेही तितकेच जपण्याचे आहेत. प्री-एक्लॅम्पसियाचे झटके प्रसूतीनंतरही येऊ शकतात.

समारोप

२००४-०६ या काळात महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे १३० माता मृत्युमुखी पडत. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ पर्यंत खाली आला. ही घट आपोआप झालेली नाही. दवाखान्यातील प्रसूती, रक्तपेढ्या, रुग्णवाहिका आणि आशाताईंची पायपीट यांचे ते फळ आहे. उरलेले मृत्यू टाळणे अधिक कठीण आहे, कारण ते अशा घरांत दडलेले आहेत जेथे संकोच आहे, स्थलांतर आहे, किंवा ‘तिला सगळे ठाऊक आहे’ असा गैरसमज आहे.

वाचकहो, पस्तिशीनंतर मूल व्हावे की न व्हावे हे ठरविण्याचा अधिकार त्या स्त्रीचा व तिच्या कुटुंबाचा आहे. त्याबद्दल दूषण देण्याचे आम्हास कारण नाही. आमचे मागणे अगदी लहान आहे. आपल्या घरी, शेजारी वा वाडीवस्तीवर चाळिशीच्या उंबरठ्यावरील कोणी स्त्री गरोदर असल्याचे कळले, तर हसू नये, कुजबुजू नये. तिचे अभिनंदन करावे आणि तिसरा महिना उलटण्यापूर्वी तिला तपासणीस घेऊन यावे. तिच्या वयाचा भार आमचे डॉक्टर व परिचारिका आपल्यासह वाटून घेतील. लाजेचा भार मात्र समाजानेच उतरवावयाचा आहे.